श्वसनमार्गाच्या व्हायरसजन्य रोगांचे प्रयोगशालेय निदान : इतिहास

नाक, घसा, श्वासनाल व फुप्फुसे यांच्या संक्रामणास कोणता व्हायरस कारणीभूत आहे, हे रुग्णाच्या नाकातील वा घशातील स्रावावरून अथवा रक्तावरून प्रयोगशाळेत ठरविण्यास श्वसनमार्गाच्या व्हायरसजन्य रोगांचे प्रयोगशालेय निदान म्हणतात. या रोगांची लक्षणे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की, केवळ रुग्णाची तपासणी करून अनुभवी वैद्यालाही कारण सांगता येत नाही. एकच व्हायरस एका व्यक्तीत साधे पडसे, तर दुसरीत प्राणघातक फुप्फुसशोथ निर्माण करतो. उलट एकाच प्रकारचा खोकला व ताप डझनभर निरनिराळ्या व्हायरसांमुळे येऊ शकतो. त्यामुळे खात्रीचे उत्तर प्रयोगशाळेतूनच मिळू शकते. तथापि विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात हे उत्तर रुग्ण बरा झाल्यावर किंवा दगावल्यावर हाती येत असे. निदानपद्धतींचा इतिहास हा प्रामुख्याने हा विलंब कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. विलंब कमी होत गेला तशी परीक्षेची दृष्टी मात्र अरुंद होत गेली. जे शोधावयाचे ठरविले असेल तेवढेच तिला दिसू लागले. ही अडचण नवी नाही, हे अगदी पहिल्याच प्रकरणावरून दिसून येते.

फायफर यांचा दंडाणू : १८८९–९० मधील इन्फ्ल्यूएंझाच्या जागतिक साथीनंतर १८९२ मध्ये बर्लिन येथे रिखार्ट फायफर यांनी रुग्णांच्या बेडक्यात आढळणाऱ्या एका अतिसूक्ष्म दंडाकार जंतूचे वर्णन केले व तोच इन्फ्ल्यूएंझाचे कारण असल्याचे जाहीर केले. रक्त मिसळलेल्या संवर्धन माध्यमाशिवाय हा जंतू वाढत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होते. क्षय व पटकी यांच्या जंतूंचा शोध लावणारे रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेतून ही घोषणा झालेली असल्याने तिच्याविषयी फारशी शंका घेतली गेली नाही. पुढील पाव शतक बेडक्यात हा जंतू दाखविणे म्हणजेच इन्फ्ल्यूएंझाचे प्रयोगशालेय निदान, असे मानले गेले.

१९१८ च्या साथीत या निदानाची कसोटी लागली. काही प्रयोगशाळांना जवळजवळ प्रत्येक रुग्णात हा जंतू आढळला, तर काहींना क्वचितच. निरोगी माणसांच्या घशात आणि गोवराच्या रुग्णांतही तो सापडू लागला. ज्यांना तो सापडला नाही त्यांचे संवर्धन तंत्रच सदोष असावे, असे प्रारंभी समजण्यात आले. परीक्षेचा निष्कर्ष गृहीतकाशी जुळला नाही, तेव्हा परीक्षकावर दोष ठेवला गेला, गृहीतकावर नव्हे. मुंबईत जून १९१८ मध्ये गोदीवरील पोलीस शिपाई आजारी पडल्यापासून साथीची नोंद होऊ लागली. सप्टेंबरपासून आलेली दुसरी लाट अधिक घातक होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. संपूर्ण हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सु. १.२ कोटी ते १.८ कोटी असे आहेत. प्लेगच्या लशीमुळे ख्याती पावलेली परळची प्रयोगशाळा (पुढे १९२५ पासून हाफकिन संस्था) त्या काळी मुंबईतच कार्यरत होती. परंतु या रोगाचे खरे कारण दाखवू शकेल अशी परीक्षा तेव्हा जगात कोठेच नव्हती. एवढी मोठी मनुष्यहानी एकाही रुग्णाचे खात्रीलायक निदान न होता घडली.

फायफर यांचा जंतू अगदीच निरुपद्रवी होता असे नाही. इन्फ्ल्यूएंझाने दुर्बल झालेल्या फुप्फुसांत तो दुय्यम संक्रामण घडवून आणतो व लहान मुलांत मस्तिष्कावरणशोथ उत्पन्न करतो. त्याचे हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी हे शास्त्रीय नाव आजही रूढ असून चुकलेल्या निदानाची ती एक कायमची खूण होय.

गाळण्यांतून पार होणारा घटक : सूक्ष्मजंतू अडवून धरणाऱ्या गाळण्यांतून रोगोत्पादक घटक पार होतो काय, हे पाहण्याचे प्रयोग याच सुमारास चालू होते. वॉल्टर क्रूझ यांनी १९१४ मध्ये लाइपसिक येथे पडसे झालेल्या सहकाऱ्याचा नाकातील स्राव गाळून तो १२ जणांच्या नाकात घातला व त्यांतील चौघांना पडसे झाले. शार्ल नीकॉल व शार्ल लबाये यांनी १९१८ मध्ये ट्यूनिस येथे इन्फ्ल्यूएंझाच्या बाबतीत तसेच प्रयोग करून कारण व्हायरस असावा, असे मत मांडले. या प्रयोगांत ‘परीक्षानलिका’ म्हणजे प्रत्यक्ष माणूस किंवा माकड होते. असा प्रयोग रोगाचे स्वरूप सुचवू शकतो. रोजच्या निदानास मात्र तो निरुपयोगी ठरतो.

खरी प्रगती १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये झाली. राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेतील विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्रूझ व पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील गुळण्यांचे पाणी गाळून ते फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात घातले. कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगावरील संशोधनासाठी फेरेट तेथे आधीपासून पाळलेले होते, हा योगायोग फलदायी ठरला. प्राण्यांना ताप आला, नाके गळू लागली व ते शिंकू लागले. एक आजारी फेरेट स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला व काही दिवसांत त्यांनाच इन्फ्ल्यूएंझा झाला. त्यांच्या घशातून मिळविलेला व्हायरसाचा वाण त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘डब्ल्यूएस’ या नावाने अनेक दशके प्रयोगशाळांतून वापरला गेला. अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी डुकरांतील इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस १९३१ मध्येच वेगळा केला होता. टॉमस फ्रान्सिस यांनी १९४० मध्ये पहिल्यापासून सर्वस्वी भिन्न असा दुसरा व्हायरस शोधल्यावर त्यांना अनुक्रमे ए व बी अशी नावे देण्यात आली.

अंडी व तांबड्या कोशिका : फेरेट महाग, चावरा व वेगळा कोंडून ठेवावा लागणारा प्राणी असल्याने त्याच्यावर विसंबून राहणे कठीण होते. अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९३१ मध्ये कोंबडीच्या फलित अंड्यातील गर्भावरणांवर व्हायरस वाढविता येतात हे दाखविले होते. मेलबर्न येथे मॅक्‌फार्लेन बर्नेट यांनी इन्फ्ल्यूएंझाच्या व्हायरसासाठी हे तंत्र विकसित केले. स्वस्त, निर्जंतुक व कोठेही मिळणारे अंडे हे यानंतर अनेक दशके व्हायरस-प्रयोगशाळेचे मुख्य साधन बनले. तथापि अंड्यात व्हायरस वाढला की नाही हे समजावे कसे, हा प्रश्न होता. तो न्यूयॉर्क येथे रॉकफेलर प्रतिष्ठानच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये अनपेक्षितपणे सोडविला. संक्रामित अंड्यातील द्रव काढताना गर्भाची एक रक्तवाहिनी फाटून रक्त त्या द्रवात मिसळले आणि त्यातील तांबड्या कोशिका एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या. निरोगी अंड्यातील द्रवात असे होत नव्हते. व्हायरसाच्या पृष्ठावरील प्रथिन तांबड्या कोशिकांना चिकटून त्यांचे जाळे बनविते, असे पुढे स्पष्ट झाले. कॅनडातही लॉरेल्ला मॅक्लेलंड व रोनाल्ड हेअर यांना त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच आढळले.

या साध्या निरीक्षणातून रक्तसमूहन-निरोध परीक्षा निर्माण झाली. रुग्णाच्या रक्तरसात विशिष्ट व्हायरसाविरुद्ध प्रतिपिंडे असतील, तर ती व्हायरसाला आधीच बांधून टाकतात व तांबड्या कोशिकांचे समूहन होत नाही. रक्तरस क्रमाक्रमाने दुपटीने विरल करीत जाऊन कोणत्या विरलतेपर्यंत निरोध होतो हे पाहिले की, प्रतिपिंडांची मात्रा ठरते. समूहन झालेल्या कोशिका खळग्याच्या तळाशी पातळ थरासारख्या पसरतात व न झालेल्या घट्ट ठिपक्यासारख्या बसतात. ते वाचण्यास नुसते डोळे पुरतात. यंत्रसामग्री फारशी लागत नसल्याने ही परीक्षा जगभर पसरली, आणि लशीतील वाण निवडण्यासाठी ती आजही वापरली जाते.

निदानाच्या दृष्टीने तिच्यात एक मूलभूत उणीव होती. प्रतिपिंडे पूर्वीच्या एखाद्या संक्रामणामुळेही असू शकतात. म्हणून आजाराच्या पहिल्या काही दिवसांत एकदा व पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी असे दोनदा रक्त घ्यावे लागे व दोहोंतील मात्रेत किमान चौपट वाढ आढळली तरच निदान निश्चित मानले जाई. म्हणजे रोग कोणता होता हे कळावयास रुग्णाला तो रोग पार करून यावे लागे. ही परीक्षा रुग्णासाठी नसून साथीसाठी होती असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

साथीसाठी मात्र तिचे महत्त्व किती होते हे १९५७ मध्ये दिसून आले. हाँगकाँगमधील साथीचे वृत्त एप्रिलमध्ये वाचून वॉशिंग्टन येथील लष्करी संशोधन संस्थेतील मॉरिस हिलमन यांनी तेथील नमुने मागविले. संग्रहातील असंख्य रक्तरसांशी ताडून पाहिल्यावर तरुण व मध्यमवयीन माणसांच्या रक्तात या व्हायरसाविरुद्ध प्रतिपिंडे जवळजवळ आढळलीच नाहीत. ती काही थोड्या अतिवृद्ध व्यक्तींत मात्र आढळली. लोकसंख्येला अपरिचित असा व्हायरस अवतरला आहे, हा निष्कर्ष साथ अमेरिकेत फैलावण्यापूर्वीच काढता आला व लस तयार करण्यास काही महिने मिळाले. भारतात ही साथ मे १९५७ मध्ये सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजामार्फत पोहोचली. कुन्नूर येथील पाश्चर संस्थेतील इन्फ्ल्यूएंझा केंद्राने तिचा मागोवा घेतला. फेब्रुवारी १९५८ पर्यंत देशात सु. ४४.५ लाख रुग्ण नोंदले गेले. त्यांतील फारच थोड्यांची प्रयोगशाळेत परीक्षा झाली, हे उघड आहे.

बिनचूक निदान झाले म्हणजे पुढील निर्णयही बिनचूक ठरतो असे नाही. न्यू जर्सी राज्यातील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर १९७६ च्या आरंभी एका सैनिकाच्या मृत्यूनंतर डुकरांतील इन्फ्ल्यूएंझासारखा व्हायरस सापडला व रक्तपरीक्षांवरून सु. २३० सैनिकांना त्याचे संक्रामण होऊन गेल्याचे ठरले. परीक्षा अचूक होती. तीवरून १९१८ ची पुनरावृत्ती होणार असे भाकीत करून अमेरिकेत ४ कोटींहून अधिक लोकांना लस टोचण्यात आली. साथ आलीच नाही आणि लस घेतलेल्यांपैकी काहींना गीयाँ-बारे हा तंत्रिका-विकार झाल्याने मोहीम थांबवावी लागली.

कोशिका-संवर्धनाचा काळ : जॉन एंडर्स, टॉमस वेलर व फ्रेडरिक रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये बालपक्षाघाताचा व्हायरस तंत्रिका-ऊतकाव्यतिरिक्त अन्य मानवी ऊतकांच्या संवर्धनात वाढवून दाखविला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत श्वसनमार्गाचे इतके नवे व्हायरस हाती आले की, त्यांना नावे देणे व त्यांची वर्गवारी लावणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसले. परीक्षानलिकेच्या काचेवर कोशिकांचा एक थर वाढवून त्यावर रुग्णाचा स्राव टाकला जाई आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाई. कोशिका गोल होऊन सुटू लागल्या, फुगल्या किंवा एकमेकींत मिसळून बहुकेंद्री राक्षसी कोशिका बनल्या की, व्हायरस असल्याचे समजे. वॉलेस रो व रॉबर्ट ह्यूबनर यांना १९५३ मध्ये मुलांच्या शस्त्रक्रियेने काढलेल्या ॲडिनॉइड ग्रंथींत ॲडिनोव्हायरस मिळाला. रॉबर्ट चॅनॉक यांनी १९५७ मध्ये बाल्टिमोर येथील आजारी अर्भकांपासून जो व्हायरस मिळविला, तो आदल्या वर्षी पडसे झालेल्या चिंपँझींत आढळलेल्या व्हायरसाशी जुळला. कोशिकांचे असे सम्मीलन घडवून आणणारा म्हणून तो रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस (आरएसव्ही) या नावाने ओळखला जातो व अर्भकांतील श्वसनविकारांचे ते एक प्रमुख कारण आहे. पॅराइन्फ्ल्यूएंझाचे व्हायरस कोशिकांत फारसा दृश्य बदल घडवीत नाहीत. परंतु त्यांनी व्यापलेल्या कोशिकांना गिनीपिगच्या तांबड्या कोशिका चिकटतात, या निरीक्षणाचा उपयोग १९५७ पासून होऊ लागला.

पडशाने मात्र दीर्घकाळ दाद दिली नाही. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ १९४६ ते १९९० पर्यंत चालविलेल्या पडसे संशोधन केंद्रात स्वयंसेवक दहा दिवस राहावयास येत. त्यांच्या नाकात गाळलेला स्राव सोडला जाई, इतरांपासून सु. ९ मी. अंतर राखण्याची त्यांना ताकीद असे व त्यांनी वापरलेले कागदी रुमाल मोजले जात. एखाद्या नमुन्यात व्हायरस आहे की नाही याची दुसरी कोणतीही परीक्षा उपलब्ध नव्हती. १९६० मध्ये डेव्हिड टिरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी संवर्धनाचे तापमान ३७° से. वरून ३३° से. केले, माध्यम किंचित अम्लीय ठेवले व नलिका सतत फिरत्या ठेवल्या. तेव्हा ऱ्हायनोव्हायरस वाढू लागले. ही स्थिती म्हणजे थोडक्यात माणसाच्या नाकातील स्थिती होय. तरीही काही नमुने कोणत्याच कोशिकांत वाढेनात. तेव्हा टिरेल व बायनो यांनी १९६५ मध्ये मानवी श्वासनालाच्या जिवंत तुकड्यांवर असा एक नमुना वाढविला. त्यातील कण जून अल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्यांच्याभोवती तेजोवलयासारखी किनार दिसली. या गटाला १९६८ मध्ये कोरोनाव्हायरस हे नाव देण्यात आले.

संवर्धनास चार दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागे. या पद्धतीचा गुण असा की, नमुन्यात काय आहे याची पूर्वकल्पना असण्याची गरज नव्हती. कोशिकांना जे अपाय करील ते आपोआप प्रकट होई.

तासांत मिळणारे उत्तर : अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडांना अनुस्फुरक रंजकद्रव्य जोडण्याचे तंत्र शोधले होते. न्यूकॅसल येथे पी. एस. गार्डनर व जॉयस मॅक्‌क्विलिन यांनी १९६८ च्या सुमारास ते आजारी अर्भकांसाठी वापरले. नाकाच्या मागील भागातून नळीने ओढून घेतलेल्या स्रावातील कोशिका काचपट्टीवर पसरून त्यांवर असे प्रतिपिंड टाकले असता, आरएसव्ही असलेल्या कोशिका जंबुपार प्रकाशात हिरव्या चमकतात. उत्तर काही तासांत मिळू लागले. प्रयोगशाळा आजारी मुलाच्या खाटेपर्यंत पोहोचली ती या टप्प्यावर, असे म्हणता येईल. आरएसव्हीग्रस्त मुलांना इतरांपासून वेगळे ठेवता येऊ लागले व प्रतिजैव औषधे विनाकारण देण्याचे टाळता येऊ लागले. एंझाइम जोडलेल्या प्रतिपिंडांची परीक्षा (१९७१) व एकाच कोशिका-वंशापासून मिळणारी एकजिनसी प्रतिपिंडे (१९७५) यांमुळे हेच तत्त्व पुढे कागदी पट्टीवर उतरले व उत्तर पाव तासात मिळू लागले. स्रावात व्हायरस अल्प असल्यास मात्र अशी पट्टी तो दाखवीत नाही.

पॉलिमरेज शृंखला विक्रिया : कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये कल्पिलेल्या या विक्रियेत न्यूक्लिइक अम्लाचा निवडलेला तुकडा तापविणे व थंड करणे यांच्या प्रत्येक आवर्तनात दुप्पट होतो, तीस आवर्तनांनंतर एका प्रतीच्या सु. १०० कोटी प्रती होऊ शकतात. श्वसनमार्गाच्या बहुतेक व्हायरसांत आरएनए असल्याने प्रथम त्याचे व्यस्त प्रतिलेखन करून डीएनए बनवावे लागते. १९९० नंतरच्या दशकात प्रतींची वाढ बंद नळीतच अनुस्फुरणावरून मोजता येऊ लागली व संवर्धनाची जागा या पद्धतीने झपाट्याने घेतली. तिची संवेदनशीलता असाधारण आहे. किंबहुना काही वेळा ती गरजेपेक्षा अधिक ठरते, कारण संक्रामण संपल्यावर कित्येक आठवडे उरलेले आरएनएचे निर्जीव तुकडेही ती दाखविते. शिवाय विक्रियेसाठी लागणारे आरंभक ज्या व्हायरसासाठी बनविलेले असतील तोच तिला सापडतो.

ही मर्यादा लवकरच प्रत्ययास आली. नेदर्लंड्समधील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधानुसार, वीस वर्षांत जमविलेल्या नमुन्यांपैकी २८ मुलांच्या नमुन्यांनी माकडाच्या मूत्रपिंडाच्या कोशिकांत बदल घडविले. पण ज्ञात व्हायरसांच्या सर्व परीक्षा नकारात्मक आल्या. तो मानवी मेटान्यूमोव्हायरस होता. १९५८ मध्ये साठविलेल्या रक्तरसांतही त्याची प्रतिपिंडे होती. म्हणजे व्हायरस जुनाच होता, नवी होती ती केवळ त्याची ओळख. सार्सच्या २००३ मधील साथीतही ज्ञात व्हायरसांसाठीच्या परीक्षांतून उलगडा झाला नाही. कोशिका-संवर्धन व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्यानेच तो कोरोनाव्हायरस असल्याचे कळले.

महाराष्ट्रातील अनुभव : भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुणे येथे व्हायरस संशोधन केंद्र स्थापन केले व १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळाले. डास, गोचिडी यांच्यामार्फत पसरणाऱ्या व्हायरसांसाठी निघालेल्या या संस्थेवर २००९ मध्ये श्वसनरोगाच्या परीक्षांचा प्रचंड भार पडला. एच-१ एन-१ इन्फ्ल्यूएंझाने भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला, तो एका शाळकरी मुलीचा. त्यानंतर शहरातील तपासणी केंद्रांपुढे रांगा लागल्या. प्रत्येकाला परीक्षा हवी होती. पण सर्वांचे नमुने तपासण्याइतके मनुष्यबळ व अभिकारक नव्हते. केंद्र शासनाने त्याच महिन्यात रुग्णांचे तीन वर्ग पाडून सौम्य लक्षणांच्या वर्गांस परीक्षा आवश्यक नाही व अधिक धोका असलेल्यांना औषध परीक्षेविनाच सुरू करावे, असे ठरविले. कोणाची परीक्षा करू नये याचा असा जाहीर निर्णय लोकांना रुचला नसला, तरी त्यामुळे गंभीर रुग्णांचे निष्कर्ष वेळेवर मिळण्यास मदत झाली.

कोव्हिड-१९ च्या वेळी गतीचा उच्चांक गाठला गेला. चीनमधील व्हायरसाचा जीनोम ११ जानेवारी २०२० च्या सुमारास जाहीर झाला आणि १३ जानेवारीस बर्लिन येथे तयार झालेली परीक्षापद्धती जागतिक आरोग्य संघटनेने प्रसृत केली. व्हायरस प्रत्यक्ष हाती न घेताच ती रचण्यात आली होती. फायफर यांच्या जंतूविषयीची चूक उमगण्यास चाळीस वर्षे लागली होती, येथे दोन-तीन दिवस पुरले. परंतु पद्धती ज्ञात असणे व परीक्षा उपलब्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेत रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारीत पाठविलेल्या संचातील एक घटक सदोष निघाल्याने कित्येक आठवडे वाया गेले. भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये निश्चित झाला, तो पुण्याच्या संस्थेतील परीक्षेवरून. त्या महिन्यात हे काम करणारी देशातील ती एकमेव प्रयोगशाळा होती. जूनअखेर अशा प्रयोगशाळांची संख्या हजारावर गेली. जूनमध्येच प्रतिजनाच्या जलद पट्टीलाही परवानगी मिळाली. लक्षणे असूनही पट्टी नकारात्मक आल्यास शृंखला विक्रियेने फेरपरीक्षा करावी, असा नियम होता. तो सर्वत्र पाळला गेला नाही.

शृंखला विक्रियेने व्हायरसाचा पुरावा मिळतो, जिवंत व्हायरस मिळत नाही. लस बनविण्यास व तिची परिणामकारकता पाहण्यास तो लागतोच. पुण्याच्या संस्थेने २०२० च्या आरंभी रुग्णांच्या घशातील स्राव व्हेरो या आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळविलेल्या कोशिकांवर घालून सार्स-कोव्ह-२ हा व्हायरस वेगळा केला. संस्थेने मिळविलेल्या वाणांपैकी एकापासून कोव्हॅक्सिन ही मृत व्हायरसाची लस तयार करण्यात आली.